मोठे शहर व लहान शहर : राहणीतील फरक

मोठ्या आणि लहान शहरातील राहणीचा फरक लोकसंख्येतून उगवतो. पण तो जाणवतो माणसांच्या ओळखीपाळखीत. दोहोंमधली रेघ देशागणिक सरकते. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची सलग वस्तीही नागरी धरतात, तर जपानमध्ये शहराच्या दर्जासाठी साधारणतः ५०,००० लोकसंख्या लागते. मराठीत ‘गाव’ हा शब्द वाडीपासून बाजारपेठेपर्यंत सगळीकडे चालत असल्याने हा घोळ आणखीच वाढतो.

लहान शहरात एकच माणूस अनेक नात्यांनी भेटतो. बँकेच्या खिडकीमागची बाई शेजारीण असते आणि तिचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात. सकाळी खिडकीवर आवाज चढवला, की संध्याकाळी जिन्यात नजर चुकवावी लागते. अडीनडीला धावून येणारी हीच माणसे कोण केव्हा घरी परतले याचीही नोंद ठेवतात. मोठ्या शहरात ही नाती सुटी होतात : खिडकीवरची व्यक्ती खिडकीपुरतीच. सतत आदळणाऱ्या संवेदनांपासून बचाव म्हणून महानगरातला माणूस अलिप्त होतो, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये मांडले. या अलिप्ततेत त्यांना व्यक्तीचे स्वातंत्र्यही दिसले. तिला सरसकट माणूसघाणेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. रोज दिसणाऱ्या हजारो चेहऱ्यांची विचारपूस कोण करणार?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी १९३८ मध्ये आकार, घनता आणि विविधता या तिन्हींमुळे शहरी संबंध वरवरचे होतात असे म्हटले. हे फारच सरसकट होते. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांना अमेरिकेतील बोस्टनच्या वेस्ट एंड भागात, म्हणजे ऐन महानगरात, घट्ट विणीचे शेजार आढळले.

सोयींचे गणित जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांच्या १९३३ च्या केंद्रस्थान सिद्धांताने उलगडते. प्रत्येक सेवेला टिकण्यापुरते किमान गिऱ्हाईक लागते. किराणा दुकान कुठेही चालते. पण व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याचे पोट भरेल इतकी व्हायोलिने लहान शहरात नसतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेचेही तेच, फक्त तिथे अंतर जिवावर बेतू शकते.

मोठ्या शहरातले चढे भाडे, लांबचा प्रवास आणि गोंगाट सर्वांच्या परिचयाचे आहेत. हवेतला फरक मात्र चटकन ध्यानात येत नाही. लंडन भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा उबदार असते, हे हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले. काँक्रीट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता सावकाश सोडतात. त्यामुळे ही तफावत रात्री अधिक असते.