सीलिॲक रोगाची जनुकीय प्रवणता

गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते, तो सीलिॲक रोग. आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे रसांकुर झिजून सपाट होतात. मूल पोटभर जेवते, पण अन्न अंगी लागत नाही. वाढ खुंटते, रक्तक्षय होतो.

हा रोग होण्याची प्रवणता मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांत, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आपले-परके ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांत असते. जवळजवळ प्रत्येक रुग्णात डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हे चिन्हक, म्हणजे या जनुकांचा ठरावीक प्रकार, सापडते. सुमारे ९० टक्के रुग्णांत डीक्यू २. अर्धवट पचलेल्या ग्लूटेनच्या तुकड्यांत ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर (एन्झाइम) थोडा रासायनिक बदल करते. मग ते तुकडे या जनुकांपासून बनणाऱ्या डीक्यू रेणूच्या खोबणीत घट्ट बसतात, प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशी त्यांना शत्रू समजतात आणि दाह सुरू होतो. आईवडील दोघांकडूनही डीक्यू २ आलेला असेल तर धोका अधिक.

तरीही चिन्हक म्हणजे रोग नव्हे. साधारण तिसरा हिस्सा लोकांत ते असते. रोग होतो शंभरात एखाद्याला. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे लख्ख दिसले: चिन्हकांचे प्रमाण उत्तरेत आणि दक्षिणेत जवळपास सारखे, रोग मात्र उत्तरेत सुमारे १.२ टक्के आणि दक्षिणेत ०.१ टक्का. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा.

म्हणून इंदूरच्या मराठी घरांनी या रोगाची माहिती ठेवायलाच हवी. इथे रोजची पोळी माळव्याच्या गव्हाची, सुट्टीच्या दिवशी दाल-बाफले (बाफले म्हणजे गव्हाच्या पिठाचे गोळे), सणाला पुरणपोळी. घरात एकाला रोग निघाला तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करावी. जनुकचाचणीत दोन्ही चिन्हके नसतील तर रोगाची शक्यता जवळपास संपते. असतील तर एवढ्यावरून निदान होत नाही. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणी आणि बहुधा आतड्याची बायोप्सी लागते. तोवर गहू सोडू नये, नाहीतर अहवाल फसवा येतो. ही चूक फार घरांत होते.

निदानानंतर ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य. ज्वारीची भाकरी, भात, भगर, राजगिरा, भुट्ट्याचा कीस चालतो. पोहेही चालतात, पण वर भुरभुरलेल्या जिरावण या मसाल्यात हिंग असतो आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्वारी दळायलाही गव्हानंतरची चक्की चालत नाही. पात्यांना चिकटलेली कणीक पिठात उतरते.