गिअरबॉक्स बदलला आणि रिव्हर्स खर्रर्र करतोय? बॉक्स उतरवायच्या आधी क्लच बघा

मामांच्या जुन्या जीपचा चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवला, सोबत लिव्हर-रॉडवाला क्लच जाऊन हायड्रॉलिक आला, आणि त्याच संध्याकाळी मामांचा फोन. "अरे, रिव्हर्स टाकला की खर्रर्र करतंय, पहिला तर जोर लावून ढकलावा लागतोय." मेकॅनिकचं म्हणणं, बॉक्सच खराब आलाय, परत उतरवू. माझं मत मी तेव्हाही सांगितलं आणि आजही तेच आहे, क्लच तपासल्याशिवाय बॉक्सच्या बोल्टला पाना लावायचा नाही.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हर, फोर्क, आतली दांडकी ठीक आहेत (बंद गाडीतही गिअर अडकला असता तर संशय तिकडे गेला असता, किंवा लिव्हर फ्लोअरच्या कापलेल्या पत्र्याला घासत असता, तसं झालं की गिअर अर्धाच बसतो आणि चालत्या गाडीत निसटतो). मग इंजिन चालू केलं, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. खर्रर्र. इथेच उत्तर मिळालं.

कसं ते सांगतो. क्लच दाबल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) सुटायला पाहिजे, मग प्लेट आणि तिच्यासोबत बॉक्सचा इनपुट शाफ्ट आपोआप मंदावत थांबतो. प्लेट थोडी जरी घासत राहिली तरी इंजिन त्या शाफ्टला फिरवतच राहतं. गाडी उभी असताना चाकाकडचा शाफ्ट थांबलेला आणि इनपुट फिरतोय, मग दोघांचे दात जुळणार कसे? पुढच्या गिअरना सिंक्रो रिंग असते, पितळेची छोटी कोनासारखी रिंग, ती घर्षणाने दोन्हींचा वेग सारखा करते आणि मगच दात आत जाऊ देते. ही युक्ती कॅडिलॅकने १९२८ साली गाडीत आणली, त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून वेग स्वतःच जुळवावा लागायचा. पण त्या रिंगचं काम मोकळ्या शाफ्टला आवरायचं आहे, अख्ख्या इंजिनशी झुंजायचं नाही, म्हणून क्लच घासत असला की पहिला गिअर जड जातो. आणि रिव्हर्सला बऱ्याच बॉक्समध्ये सिंक्रोच नसतो, त्यामुळे तो लगेच ओरडतो.

मग क्लच सुटत का नव्हता? पेडल पंप केलं तर फरक पडला नाही, म्हणजे लाइनमध्ये हवा नव्हती (हवा दाबली जाते, तेल जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडायला लागला तर आधी हवा काढा). गडबड सिलिंडरच्या मापात होती. पेडलपाशी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) १६ मिमी व्यासाचा आणि खाली स्लेव्ह (त्या तेलाच्या जोरावर क्लच हलवणारा) २० चा पाहिजे होता, बसला होता २२ चा. दोन मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं ना? पण इथे हिशोब व्यासाच्या वर्गाचा आहे. मास्टरचा पिस्टन २५ मिमी सरकला तर २० च्या स्लेव्हचा पिस्टन १६ मिमी सरकतो आणि २२ चा फक्त सव्वातेरा. पेडल मात्र हलकं लागतं, त्यामुळे मामा खूश होते की क्लच किती मऊ झालाय! पास्कलचा नियम सोपा आहे, जोर वाढला की सरकण्याचं अंतर कमी होणारच. क्लचच्या फोर्कमधून (गिअरचा फोर्क वेगळा) ते अंतर अजून निम्मं झालं तर रिलीज बेअरिंगला, म्हणजे क्लच दाबून प्लेट सोडवणाऱ्या बेअरिंगला, आठऐवजी साडेसहा मिमीच मिळतात, आणि प्लेट सुटल्यावर दोन्ही बाजूंची मिळून जागाच जेमतेम मिलिमीटरभर असते, मग तिथे दीड मिमी कुठून सोडणार.

स्लेव्ह बदलला, रिव्हर्स गप पडायला लागला. समजा एवढं करूनही खर्रर्र राहिलं असतं तर मात्र बॉक्स उतरवावाच लागला असता, कारण मग संशय दोन गोष्टींवर, प्लेट उलटी बसलीये का, किंवा क्रँकच्या टोकाला इनपुट शाफ्टचं टोक टेकतं ते पायलट बुश शाफ्टला घट्ट होतंय का. बॉक्स बदलताना इनपुट शाफ्टचं टोक वेगळ्या मापाचं असू शकतं, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही चांगला लेथवाला तसं बुश करून देतो, पण माप शाफ्टवरून घ्यायचं, अंदाजाने नाही. आणि बसवताना बॉक्स आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो, त्यात प्लेटचा हब वाकतो नाहीतर बुश फुटतं.

एक राहिलंच. सकाळी थंड असताना दुसरा गिअर अजूनही कुरकुरत होता. गिअर ऑइल जीएल-५ ग्रेडचं भरलेलं निघालं, ते डिफरन्शियलसाठी चांगलं, पण त्यातली रसायनं पृष्ठभाग इतका निसरडा करतात की सिंक्रो रिंगला पकडच मिळत नाही, आणि पितळेलाही ती बरी नाहीत. या बॉक्सला जीएल-४ लागतं. ते भरलं. आता थंडीत पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर थोडा सावकाश टाकावा लागतो, ऑइल पातळ होऊन रिंगखालून बाजूला सरकेपर्यंत, त्यानंतर मामा एका बोटाने टाकतात.