आयरिश राजवंशांपर्यंत जाणाऱ्या वंशावळी: पार्श्वभूमी

आयरिश वंशावळीचं वरचं टोक बऱ्यापैकी भक्कम असतं आणि खालचंही. सरदार घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणं हे तिथल्या काही विद्वान घराण्यांचं पिढीजात काम होतं. त्यांनी सतराव्या शतकापर्यंतच्या पिढ्या जपल्या आणि १६५० च्या सुमारास गॉलवेमध्ये दुआल्ताख माक फिरविशी याने त्यांचं मोठं संकलन केलं. आजपासून मागे निघालं, तर शेतकरी कुटुंबंसुद्धा १८२० च्या आसपास पोचतात. दावे मोडतात ते या दोहोंच्या मधल्या पावणेदोनशे वर्षांत. ब्रायन बोरू (मृत्यू १०१४) किंवा ‘नऊ ओलिसांचा’ नायल या जुन्या आयरिश राजांपर्यंत जाणारी वंशावळ हाती आली, तर तिचं वरचं टोक तपासण्यात वेळ घालवू नये. १६५० ते १८२० या काळातल्या प्रत्येक पिढीला वेगळा पुरावा आहे का, एवढंच आधी पाहावं. (आदमपर्यंत जाणाऱ्या पिढ्या मध्ययुगीन मठांत रचल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या छापील संग्रहांतून आजच्या ऑनलाइन वंशवृक्षांत उतरल्या. त्यांचा विचार इथे करायचं कारण नाही.)

ही पोकळी पडली ती जमिनी गेल्यामुळे. १६०१ मध्ये किन्सेलला इंग्लिश सैन्याकडून झालेला पराभव, १६०७ मध्ये अल्स्टरच्या सरदारांचं समुद्रमार्गे निघून जाणं, इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या काळातली जप्ती आणि १६९१ चा लिमरिकचा तह या क्रमाने गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, घराण्यांची मालकी संपली. मालकी नाही म्हणजे खरेदीखत, मृत्युपत्र, वाटणीचा दावा यांपैकी काहीच मागे उरत नाही. १७०८ मध्ये डब्लिनला दस्त नोंदणी सुरू झाली आणि तो संग्रह आजही शाबूत आहे. पण त्या काळातल्या कायद्याने कॅथलिकांना ३१ वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा घेता येत नव्हता, त्यामुळे त्यात ते तुरळकच दिसतात. इंचिक्विनचे ओ’ब्रायन, म्हणजे ब्रायन बोरूचे वंशज, प्रॉटेस्टंट झाले, जमीन टिकली, कागद टिकले. रॉसकॉमनच्या ओ’कॉनर डॉन घराण्याने धर्मही राखला आणि थोडी जमीनही, पण तसं उदाहरण विरळाच.

परदेशी गेलेल्यांचे कागद वेगळ्या सावधगिरीने वाचावे लागतात. फ्रान्स आणि स्पेनच्या सैन्यात बढती हवी किंवा लष्करी संघात प्रवेश हवा, तर खानदानी असल्याचा दाखला लागे. अशा दाखल्यांत अर्जदाराचे आईवडील आणि आजोबा सहसा बरोबर असतात, कारण ते ओळखणारी माणसं तिथेच छावणीत होती. त्यावरच्या पिढ्यांत दाखला देणाऱ्याचा हात सैल सुटलेला असतो.

आजच्या गोंधळाचं मूळ मात्र १९४४ च्या एका निर्णयात आहे. १५५२ पासून राजमुकुटाच्या हाताखाली असलेलं डब्लिनचं कुलचिन्हांचं कार्यालय १९४३ मध्ये आयरिश राज्याकडे आलं आणि पुढच्याच वर्षी त्याने काही व्यक्तींना ‘नावाचे प्रमुख’, म्हणजे जुन्या सरदार घराण्यांचे आजचे म्होरके, अशी मान्यता द्यायला सुरुवात केली. ही मान्यता केवळ सौजन्याची होती, कारण १९३७ च्या राज्यघटनेने राज्याला सरदारकीच्या पदव्या देण्याची मनाई केली आहे. निकष असा होता की, शेवटचा विधिपूर्वक नेमलेला किंवा प्रत्यक्ष सत्ता चालवणारा प्रमुख धरायचा आणि तिथून थोरल्या मुलाचा थोरला मुलगा या क्रमाने आजच्या वारसापर्यंत यायचं.

गेलिक कायद्यात प्रमुखपद असं चालतच नव्हतं. एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज पात्र धरले जात, त्यांतून कर्ता माणूस निवडला जाई आणि पुष्कळदा प्रमुख हयात असतानाच त्याचा उत्तराधिकारी ठरवला जाई. या पद्धतीला टॅनिस्ट्री म्हणतात. तिच्यातून भाऊबंदकी आणि खूनखराबा दोन्ही उपजत, हेही खरं. १५४० च्या दशकात आठव्या हेन्रीने सरदारांकडून जमिनी लिहून घेतल्या आणि त्याच जमिनी इंग्लिश पदवीसह, थोरल्या मुलाच्या वारशाने, परत दिल्या. त्याचा परिणाम टिरोनच्या ओ’नीलांकडे लगेच दिसला. कॉन ओ’नील १५४२ मध्ये अर्ल झाला आणि मॅथ्यू हा त्याचा वारस म्हणून कागदावर चढला. हा मॅथ्यू डंडॉकच्या एका लोहाराच्या घरी वाढलेला. कॉनने त्याला आपला मुलगा म्हटलं, तर दुसरा मुलगा शेन त्याला लोहाराचाच म्हणत राहिला. १५५९ मध्ये भाऊबंदांनी शेनला ‘ओ’नील’, म्हणजे घराण्याचा प्रमुख, केलं. पुढे अर्ल झालेला, १६०७ मध्ये निघून गेलेला ह्यू हा मॅथ्यूचा मुलगा. या घराण्याची ‘थोरली पाती’ कोणती, याचं उत्तर कोणता कायदा धरता यावर आहे. १६०८ मध्ये इंग्लिश न्यायालयाने टॅनिस्ट्री बेकायदा ठरवली आणि १९४४ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या कार्यालयाने गेलिक पदासाठी त्याच इंग्लिश वारसाहक्काचा हिशेब लावला.

कार्यालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. टॅनिस्ट्री आज चालवायची तर निवडणारे भाऊबंद कोण, हे ठरवणंच अशक्य आहे. थोरल्या पातीचा हिशेब निदान कागदावर तपासता येतो. चूक झाली ती शिक्क्यावरच्या शब्दांत. ‘थोरल्या पातीचा नोंदलेला वारस’ एवढंच लिहिलं असतं, तर त्या कागदाला बाजारात भाव आला नसता.

भाव आला, आणि १९९२ मध्ये बेलफास्टच्या एका माणसाला मॅककार्थी मोर, म्हणजे मॅककार्थी घराण्याचा प्रमुख, म्हणून मान्यता मिळाली. या घराण्यातला अर्ल झालेला प्रमुख सोळाव्या शतकाच्या शेवटी औरस मुलगा मागे न ठेवता वारला होता. नव्या दावेदाराने टॅनिस्ट्रीचा आधार घेतला आणि मान्यता मिळाल्यावर स्वतःच पदव्या वाटायला, विकायला सुरुवात केली. १९९९ मध्ये वंशावळ बनावट असल्याचं उघड झालं आणि मान्यता काढून घेतली गेली. त्याचे खरे पूर्वज बेलफास्टच्या साध्या कुटुंबातले निघाले, जे दिवाणी नोंदींत दोन-तीन पिढ्या मागे जाऊनही दिसलं असतं. २००३ मध्ये, या मान्यतेला कायद्याचा आधार नाही असा सल्ला मिळाल्यावर, प्रथाच बंद झाली. तेव्हापासून नवी मान्यता नाही. त्यामुळे आज कुणी ताजं सरकारी प्रमाणपत्र दाखवत असेल, तर तारीख आधी पाहावी.

खालून वर जाणाऱ्यांना १९२२ आडवं येतं. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतांशी त्यातच गेल्या. १८६१ ते १८९१ च्या मात्र सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. त्यांतलं वय जपून घ्यावं. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरच्यांना पेन्शन मिळू लागली आणि त्या दहा वर्षांत पुष्कळ म्हातारे चौदा-पंधरा वर्षांनी मोठे झाले. याच पेन्शनसाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून वयाचे उतारे काढले गेले. ते अर्ज उरले आहेत आणि त्यांत आईवडिलांची नावं मिळतात.

तिथून मागे १८६४ पासूनची जन्म-मृत्यू-विवाह नोंद (कॅथलिक नसलेल्यांचे विवाह १८४५ पासून), १८४७ ते १८६४ चं ग्रिफिथ मूल्यांकन (करासाठी केलेली जमीन-घरांची यादी), १८२३ ते १८३७ च्या दशमांश कराच्या वह्या आणि चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं, हा नेहमीचा रस्ता. टाउनलँड, म्हणजे साठ हजारांवर असलेल्या छोट्या महसुली वाड्यांपैकी नेमकी कोणती, हे कळल्याशिवाय यातलं काही उपयोगाचं नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देण्याची चाल असल्याने एकाच वाडीत चार पॅट्रिक मर्फी सापडतात. बाप्तिस्म्याचे साक्षीदार आणि ग्रिफिथच्या यादीत नावापुढे जोडलेलं बापाचं नाव किंवा टोपणनाव यांवरूनच ते वेगळे होतात. पश्चिमेकडच्या अनेक परगण्यांत बाप्तिस्म्याची पुस्तकंच एकोणिसाव्या शतकात सुरू होतात, आणि बहुतेक शोध तिथेच थांबतात.

ही पोकळी डीएनएने ओलांडता येईल, अशी आशा २००६ मध्ये वाढली. डब्लिनच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचांतल्या एका पुरुषात एकच पितृवंशीय गट दिसला आणि त्याचा संबंध नायलशी जोडला गेला. एम२२२ या नावाने ओळखली जाणारी त्याची खूण स्कॉटलंडच्या सखल भागातही भरपूर आहे आणि नंतरच्या सखोल चाचण्यांतून ती नायलच्या आधीपासून चालत आल्याचं दिसतं. ब्रायन बोरूच्या दाल गाश कुळाशी जोडली जाणारी एल२२६ ही खूण जास्त भरवशाची, कारण कागदावर सिद्ध असलेल्या ओ’ब्रायन वंशजाची चाचणी तिच्याशी जुळते. तरी तिच्यावरून कूळ कळतं, राजा नाही. ब्रायनच्या चुलत घराण्यांतही तीच खूण असणार. आणि नायलचे वंशज म्हणवणाऱ्या ओ’नील आडनावाच्या पुष्कळ पुरुषांत तर एम२२२ सापडतच नाही.