पाण्यावरची परसबाग (ग्रामीण विदर्भ)

पाण्यात विरघळवलेल्या अन्नद्रव्यांवर, मातीवाचून, घरच्या घरी भाजी पिकवण्याची रीत. तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३७ मध्ये वापरात आणले.

दाराशी काळी कसदार जमीन असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सांदवाडीत (घरामागच्या परसात) जागा आणि विहिरीला गोडे पाणी असेल, तर हिवाळ्यात वाफ्यातला पालकच स्वस्त पडतो. पण गावठाणातल्या दाटीच्या घरांना सांदवाडी नसते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच खारट. ते या पद्धतीलाही चालत नाही. रोप पाणी पिते आणि क्षार मागे साचत जातात. तिथे पत्र्यावरून टाकीत धरलेले पावसाचे पाणी वापरावे लागते.

खेड्यात सोयीची रचना हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांची. तिला मोटर लागत नाही, त्यामुळे भारनियमनाचा त्रास नाही. झाकणाच्या बादलीला किंवा थर्माकोलच्या पेटीला भोके पाडून त्यांत तळाला छिद्रे असलेले चहाचे प्लास्टिकचे कप बसवतात आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) रुजवलेले रोप ठेवतात. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला टेकलेले असते. रोप पिईल तशी पातळी उतरते आणि मधल्या पोकळीत वरची मुळे हवा घेऊ लागतात. ही पोकळी पुन्हा काठोकाठ भरली, तर मुळे गुदमरतात. नवख्यांची पहिली रोपे बहुधा अशीच जातात. भांड्यात उजेड शिरला की शेवाळ धरते, झाकण सैल राहिले की डासांच्या अळ्या.

खताची चूक मात्र हमखास होते. ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्केवारीचे) सोयीचे वाटते, पण त्यातले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. मुळांना सहज घेता येईल असे त्याचे रूपांतर करणारे मातीतले जिवाणू इथे नसल्यातच जमा, आणि त्या खतात कॅल्शियमही नसते. संत्राबागायतदारांच्या ओळखीची १३:०:४५ आणि ०:५२:३४ ही खते अधिक उपयोगी. पालेभाजीसाठी १० लिटर पाण्याला साधारण ७ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ३ ग्रॅम १३:०:४५, २ ग्रॅम ०:५२:३४, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडी चिलेटेड (पाण्यात विरघळलेलीच राहतील अशी) सूक्ष्म अन्नद्रव्ये पुरतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळे विरघळवून शेवटी मिसळावे. घट्ट द्रावणे एकत्र केली तर पांढरा साका बसतो. पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ हवा. लिंबाच्या रसाने तो उतरतो, पण टिकत नाही.

पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), चवळाई चांगली येतात. भेदरांना (टोमॅटोंना) मोठे भांडे, आधार आणि जास्त खत लागते. मुळा-गाजराच्या वाटेला जाऊ नये.

खरी कसोटी वैशाखात. पारा ४५ अंशांवर गेला की बादलीतले पाणी तापते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळे तपकिरी पडून कुजतात. हिरवी जाळी, भिंतीची सावली आणि भांड्याभोवती ओले तरट एवढ्यावर काही घरी चवळाई निभावते. सांबार बहुधा नाही. म्हणून आश्विन ते फाल्गुन हाच या परसबागेचा भरवशाचा हंगाम. भाजी निघाल्यावर तळाशी उरलेले पाणी नालीत न सोडता पपईच्या किंवा कढीपत्त्याच्या आळ्यात घालतात.