फुरसतगंजची सरकारी उडान अकादमी: इतिहास, पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची खरी क्रमवारी

बारावीचा निकाल लागला की ‘पायलट कसं व्हायचं?’ हा प्रश्न घेऊन दोन-चार घरांतून फोन येतातच. बोलणं बहुधा फीपासून सुरू होतं आणि क्लासपर्यंत जाऊन थांबतं. वैद्यकीय तपासणी आणि जातीचा दाखला यांबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या पाहण्यातली मुलं मात्र अडकली ती याच दोन ठिकाणी. म्हणून या लेखात परीक्षेच्या तयारीबद्दल थोडं आणि कागदांबद्दल जास्त आहे.

संस्था आहे उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, म्हणजे सगळे जिला ‘इग्रुआ’ म्हणतात ती. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालची ही स्वायत्त संस्था. तिची नोंदणी १९८५ची आणि प्रशिक्षण सुरू झालं १९८६मध्ये. त्याआधी वैमानिक व्हायचं तर फ्लाइंग क्लब गाठायचा, मिळेल ते विमान, मिळेल तो प्रशिक्षक आणि जमतील तसे तास. क्लबागणिक दर्जा वेगळा. देशभरासाठी एका मापाचं, निवासी आणि सलग प्रशिक्षण असावं, या विचारातून ही अकादमी उभी राहिली. तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी स्वतः इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते आणि अमेठीचे खासदारही. जागा फुरसतगंजचीच का, याचं उत्तर त्यातच आलं.

जिल्ह्याची गोष्ट आपल्यासाठी गमतीची आहे. फुरसतगंज तेव्हा रायबरेली जिल्ह्यात होतं. २०१०मध्ये नवा जिल्हा झाला आणि त्याला नाव मिळालं छत्रपती शाहूजी महाराज नगर. कोल्हापूरच्या राजर्षींचं नाव थेट अवधमध्ये! पुढे ते बदलून अमेठी झालं. त्यामुळे जुन्या कागदांवर आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी रायबरेली, तर नव्या पत्त्यात अमेठी असं दिसतं. संस्था एकच आहे, गोंधळू नये.

सुरुवातीची वीसेक वर्षं अकादमी लहानच होती, वर्षाला चाळीसेक विद्यार्थी. २००० नंतर खासगी विमान कंपन्या वाढल्या आणि वैमानिक कमी पडू लागले. २००८मध्ये अकादमीचं व्यवस्थापन कॅनडाच्या ‘सीएई’ या कंपनीकडे करारानं देण्यात आलं. क्षमता शंभरापर्यंत नेणं हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर काचेच्या पडद्यांवर सगळी माहिती दाखवणाऱ्या कॉकपिटची डायमंड डीए-४० विमानं इथली मुख्य विमानं झाली आणि दोन इंजिनांच्या प्रशिक्षणासाठी डीए-४२ आलं. अकादमीची स्वतःची धावपट्टी आहे, हा तिचा मोठा फायदा. प्रवासी विमान उतरेपर्यंत शिकाऊ विमान ताटकळत ठेवायची वेळ इथे सहसा येत नाही.

निसर्ग मात्र ऐकत नाही. गंगेच्या मैदानातलं डिसेंबर-जानेवारीचं धुकं उड्डाणाचे तास खाऊन टाकतं. त्यावर उपाय म्हणून आपल्या गोंदियात आणि कर्नाटकातल्या कलबुर्गीत उड्डाण करण्याची परवानगी अकादमीला देण्यात आली. म्हणजे विदर्भातला मुलगा शिकायला अमेठीला जाणार आणि हिवाळ्यात विमान उडवायला पुन्हा गोंदियाला येणार, असंही होऊ शकतं. गोंदियाचा बिरसी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेला. तिथे विमानतळ प्राधिकरण आणि सीएई यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली दुसरी प्रशिक्षण संस्थाही आहे. तिचा इग्रुआशी संबंध नाही, तिचा अर्ज वेगळा. नावं सारखी वाटल्यामुळे भलतीकडेच फॉर्म भरून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

पात्रता

अर्जासाठी वय किमान १७ पूर्ण हवं. व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षं लागत असल्यानं ते आपोआप जुळतं. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवं आणि खुल्या गटाला या विषयांत ५० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) गटांना ४५ टक्के. इथे एकूण टक्केवारीवर जाऊ नका, प्रत्येक विषयाचे गुण स्वतंत्र बघा. एकूण ८० टक्के आणि भौतिकशास्त्रात ४७, हा खुल्या गटातला विद्यार्थी अपात्र ठरतो. उंची किमान १५८ सेंटिमीटर. मुलगे आणि मुली दोघांनाही अर्ज करता येतो. बारावीची परीक्षा दिलेल्यांना निकालाआधीही अर्ज भरता येतो, पण मुलाखतीच्या वेळी गुणपत्रिका हातात हवी.

वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेल्यांनी निराश होऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन विषय स्वतंत्र देता येतात आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, ते चालतात. त्यात एक वर्ष जातं, हे धरून चाला.

पहिलं पाऊल: वैद्यकीय तपासणी

क्लासची फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास-२, म्हणजे प्राथमिक, वैद्यकीय तपासणी करून घ्या. हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा बोललो आहे की आता ते झोपेतही म्हणेन. चष्मा असला तर बिघडत नाही, चष्म्यासह दृष्टी पूर्ण असली की झालं. रंगांधळेपणा मात्र मोठा अडथळा आहे आणि अनेकांना तो या तपासणीत पहिल्यांदाच कळतो. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसला नाही, तर बाकी सगळं व्यवस्थित असूनही परवान्याचा रस्ता अडतो. शिवाय ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी, रक्त आणि लघवी बघतात. डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचे कागद सोबत न्या आणि काहीही लपवू नका.

तपासणीची वेळ घेण्याआधी डीजीसीएच्या ‘ईजीसीए’ पोर्टलवर खातं उघडावं लागतं. तपासणीचा अहवालही तिथेच जातो आणि मग तुमचा वैद्यकीय फाइल क्रमांक तयार होतो. पुढची क्लास-१ तपासणी जास्त कसून होते. ती ठरावीक डॉक्टरांकडे किंवा वायुसेनेच्या केंद्रांत होते आणि सीपीएलसाठी ती लागतेच. हाताशी वेळ असेल, तर क्लास-१सुद्धा प्रवेशाआधीच उरकून टाकावी, असं माझं मत. फीच्या पंचेचाळीस लाखांचा प्रश्न आहे.

जातीचे दाखले: महाराष्ट्रातली मुलं इथेच अडकतात

अकादमी केंद्राची, म्हणून आरक्षणही केंद्राच्या नियमांचं. आपल्याकडे शाळा-कॉलेजात चालणारा दाखला इथे जसाच्या तसा चालत नाही. सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात जाताना ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात हवा’ असं स्पष्ट सांगा, नाही तर सवयीनं राज्याचा नमुना हातात येतो. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर लागतं आणि ते मुदतीतलं हवं.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे आपल्या राज्याचे गट आहेत. केंद्रात असे स्वतंत्र रकाने नाहीत. यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय यादीत आपल्या जातीचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे ते बघून तसाच दाखला काढायचा. राज्याच्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखल्यावर इथे आरक्षण नाही. मराठा उमेदवार अटींत बसत असेल, तर केंद्राच्या ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकतो. कुणबी दाखला असेल, तर तो केंद्रातही ओबीसीत येतो आणि मग ईडब्ल्यूएस मिळत नाही. दोन्ही दाखले काढून ठेवू आणि सोयीचा लावू, असा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा.

ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवं, पण तेवढ्यानं भागत नाही. पाच एकर किंवा जास्त शेती, हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात शंभर चौरस यार्डांचा आणि इतरत्र दोनशे चौरस यार्डांचा प्लॉट, यांतलं काहीही असेल तर दाखला मिळत नाही. कोरडवाहू पाच एकर आणि बागायती पाच एकर यांत केंद्राला फरक दिसत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगताना माझीच जीभ अडखळते, पण नियम तसा आहे. हा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो, गेल्या वर्षीचा जोडून उपयोग नाही.

नाव, फक्त नाव

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम, पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. डीजीसीए दहावीचं प्रमाणपत्र धरून चालते. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल, तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणालात, तर परवान्याच्या वेळी राजपत्रात नाव छापून आणण्याची वेळ येईल.

तेव्हा हाताशी हे ठेवा: दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठीही तेच), बारावीची गुणपत्रिका, आधार, फोटो आणि सहीची स्कॅन प्रत, लागू असेल तो दाखला, वैद्यकीय कागद. पासपोर्ट नसेल तर काढायला टाका. आणि ज्या विभागीय मंडळातून बारावी झाली, मग ते लातूर असो, कोकण असो की अमरावती, तिथून गुणपत्रिकेच्या पडताळणीचं पत्र घ्या. डीजीसीएच्या लेखी परीक्षांसाठी संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढताना ही पडताळणी विचारली जाते.

अर्ज आणि निवड

वर्षातून एकदा जाहिरात निघते आणि अर्ज अकादमीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. अलीकडच्या वर्षांत अर्जाचं शुल्क १२,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना माफ. रक्कम परत मिळत नाही, म्हणून भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. या लेखातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तिच्यातला आकडा खरा.

आधी ऑनलाइन लेखी परीक्षा: इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र, तर्कक्षमता आणि चालू घडामोडी. पातळी बारावीचीच, त्यामुळे जेईईची तयारी केलेल्याला ती अवघड वाटणार नाही. मग निवडक मुलांची वैमानिक अभियोग्यता चाचणी (पायलट ॲप्टिट्यूड टेस्ट) आणि मुलाखत. अभियोग्यता चाचणीत हात, डोळे आणि लक्ष यांचा मेळ बघतात, ती पाठ करून सुटत नाही. मुलाखतीत ‘पायलट का व्हायचंय?’ हे विचारतातच आणि ‘लहानपणापासून स्वप्न होतं’ हे उत्तर समोरच्यांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. विमान वर कसं राहतं, हे चार वाक्यांत सांगता येणं जास्त कामाचं.

फी आणि तिच्यापलीकडचं

अलीकडच्या जाहिरातींत प्रशिक्षण शुल्क ४५ लाख रुपये आहे, चार हप्त्यांत. वसतिगृह, गणवेश, नकाशे-साधनं, परीक्षा आणि परवान्याचं शुल्क यांचा हिशेब वेगळा धरा. बँका तारण मागतात. गावाकडची जमीन गहाण टाकण्याआधी घरात सगळ्यांसमोर एकदा बोलणं व्हायला हवं.

या पैशांत मिळतं ते असं: सुमारे २०० तास उड्डाण, दोन इंजिनांच्या विमानाचं आणि उपकरणांच्या आधारे उड्डाणाचं रेटिंग (परवान्यावरची पात्रतेची नोंद) आणि डीजीसीएच्या लेखी परीक्षांची तयारी. हवाई दिशादर्शन (नेव्हिगेशन), हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक असे ते पेपर, प्रत्येकात ७० टक्क्यांची अट. सीपीएलसाठी २०० तासांतले १०० तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून हवेत आणि त्यांत किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमानं ती परीक्षा दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आणली.

सीपीएल हातात आल्यावर नोकरी लागेलच असं नाही. विमान कंपनीच्या विशिष्ट विमानासाठीचं टाइप रेटिंग बाकी असतं आणि अनेकदा त्याचे आणखी काही लाख स्वतःच भरावे लागतात. ही गोष्ट माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असते, म्हणून इथे ठळक सांगतो.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी आपल्या राज्यातही बघावं. ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. इथे मात्र राज्याचाच दाखला चालतो.

फुरसतगंजमध्येच राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, २०१३च्या कायद्यानं स्थापन झालेलं. ते वेगळं, त्याचे अभ्यासक्रम वेगळे. ‘फुरसतगंजला ॲडमिशन मिळाली’ एवढ्यावरून पेढे वाटू नका, प्रवेशपत्रावर संस्थेचं नाव कोणतं ते वाचा.

आणि रेल्वेचं तिकीट काढताना ‘फुरसतगंज’ शोधत बसू नका. २०२४मध्ये अमेठीतल्या आठ स्थानकांची नावं बदलली, त्यात हेही होतं. आता त्या स्थानकाचं नाव तपेश्वरनाथ धाम आहे.