बंदासिंग बहादूर: गोदाकाठच्या मठातून सरहिंदकडे

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू गोदावरीकाठच्या बंदाघाट गुरुद्वाऱ्यातही माथा टेकतात. हा घाट ज्यांच्या नावाचा, त्या बंदासिंग बहादूर यांनी अवघ्या सात-आठ वर्षांत पंजाबातली मुघल सत्ता मुळापासून हलवली. आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती त्यांच्या भयंकर मृत्यूमुळे, नाहीतर सरहिंदचा सूड घेणारा वीर म्हणून. शेतकऱ्यासाठी त्यांनी जे केले ते मात्र मागेच राहते. मला तीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

त्यांचा जन्म १६७० मधला, जम्मूकडच्या राजौरीचा. मूळ नाव लछमनदेव. तरुणपणी शिकारीत गाभण हरिणी मारली गेली, तिच्या पोटातली पिले डोळ्यांदेखत तडफडून मेली आणि त्या धक्क्याने त्यांनी घर सोडले, असे परंपरा सांगते. बैरागी होऊन त्यांनी माधोदास हे नाव घेतले. फिरत फिरत ते नाशिकच्या पंचवटीत आले आणि पुढे नांदेडला मठ बांधून राहिले.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला. नवा बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्याशी लढायला दख्खनेत उतरला. गुरू गोविंदसिंग त्याच्या छावणीबरोबर होते. सरहिंदचा फौजदार वजीर खान याने गुरूंच्या जोरावरसिंग आणि फतेहसिंग या दोन कोवळ्या मुलांना भिंतीत चिणून मारले होते आणि त्याचा न्याय अजून झालेला नव्हता. सप्टेंबर १७०८ मध्ये नांदेडला गुरू आणि माधोदास यांची गाठ पडली. ‘मी आपला बंदा’, म्हणजे सेवक, असे म्हणून बैराग्याने गुरूंचे पाय धरले आणि तेच त्यांचे नाव झाले. गुरूंनी त्यांना पाच बाण, निशाण, नगारा, सोबतीला पाच शीख आणि पंजाबातल्या शिखांसाठी हुकूमनामे दिले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला. बंदासिंग तेव्हा पंजाबच्या मोहिमेवर होते.

नोव्हेंबर १७०९ मध्ये त्यांनी समाना घेतले. गोविंदसिंगांचे वडील गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद करणारा जल्लाद याच गावचा. मग सढौरा पडले. १२ मे १७१० रोजी छप्पर चिरीच्या माळावर वजीर खान समोर आला. त्याच्याकडे तोफा होत्या, हत्ती होते. बंदासिंगांच्या बाजूला बहुतेक कुणबी, कारागीर, गावोगावचे गरीब लोक. वजीर खान रणात पडला आणि दोन दिवसांनी सरहिंद हाती आले. आज त्या माळावर ३२८ फूट उंचीचा फतेह बुर्ज उभा आहे.

सरहिंदची लूट आणि कत्तल झाली, ती झाकण्यात अर्थ नाही. पण बंदासिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. मुखलिसगढ या डोंगरी किल्ल्याचे त्यांनी लोहगढ केले (आपल्या मावळातला लोहगड वेगळा) आणि तिथून राज्यकारभार सुरू केला. सरहिंदचा कारभार त्यांचे सहकारी बाजसिंग यांच्याकडे गेला. नाणी पडली ती गुरूंच्या नावाने, स्वतःच्या नव्हे. आणि जमीनदारांचे हक्क काढून जमीन कसणाऱ्यांच्या नावे केली गेली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण विसाव्या शतकात ऐकली, मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. बंदासिंग १७१० चे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेला माणूस त्यांच्यामागे जीव द्यायला का निघाला, याचे उत्तर मला इथे सापडते.

या लढ्याला केवळ धर्मयुद्ध म्हणणेही अपुरे आहे. बादशाही दरबाराच्या अखबारातच, म्हणजे रोजच्या बातमीपत्रातच, १७११ ची नोंद आहे: कलानौरला सुमारे पाच हजार मुसलमान बंदासिंगांच्या फौजेत आले आणि त्यांना नमाज व खुतब्याची (शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनाची) मोकळीक होती. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १७१० मध्ये, बहादूरशहाने नानकाचे अनुयायी दिसतील तिथे ठार मारा, असे फर्मान काढले होते. तो स्वतः लोहगढवर चालून गेला. बंदासिंगांसारखा वेष केलेले गुलाबसिंग किल्ल्यात मागे राहिले आणि बंदासिंग निसटले. बाजीप्रभूंच्या मुलखातल्या वाचकाला इथे पन्हाळ्यावरून पालखीत बसून निघालेला शिवा काशीद आठवल्याशिवाय राहणार नाही.

फर्रुखसियर १७१३ मध्ये गादीवर आला आणि लाहोरचा सुभेदार अब्दुस्समद खान याने पिच्छा पुरवला. १७१५ मध्ये गुरदास नंगलच्या गढीला आठ महिने वेढा पडला. धान्य संपले, मग जनावरे, मग गवत, झाडाच्या साली. मतभेद होऊन जुने सहकारी विनोदसिंग आपल्या माणसांसह वेढा फोडून निघून गेले. ७ डिसेंबरला गढी पडली, तेव्हा आतल्या माणसांत शस्त्र उचलण्याचेही बळ उरले नव्हते.

फेब्रुवारी १७१६ मध्ये दिल्लीत धिंड निघाली. भाल्यांवर खोचलेली मुंडकी, सातशेहून अधिक कैदी आणि हत्तीवर लोखंडी पिंजऱ्यात बंदासिंग. ५ मार्चपासून रोज शंभर जणांचा शिरच्छेद सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील सर्मन आणि स्टीफन्सन तेव्हा दिल्लीत होते. हे लोक कमालीच्या धीराने मरणाला सामोरे जातात, एकानेही धर्म सोडल्याचे आढळले नाही, असे त्यांनी कंपनीला कळवले. ९ जूनला महरौलीत, ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याजवळ, बंदासिंगांच्या मांडीवर त्यांचा चार वर्षांचा मुलगा अजयसिंग याला बसवून मारले. मग तापलेल्या चिमट्यांनी त्यांचे मांस तोडून त्यांचा जीव घेतला.

तीन वर्षांत फर्रुखसियरलाही त्याच्याच दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी पदच्युत करून आंधळे केले. त्या वेळी त्यांच्या साथीला दिल्लीत बाळाजी विश्वनाथांची मराठा फौज होती.

शिखांनी सरहिंद कायमचे घेतले ते १७६४ मध्ये. बंदासिंगांच्या शिक्क्यावर फारसीत ‘देग, तेग, फतेह’ असे शब्द होते. देग म्हणजे लंगरातले अन्नाचे पातेले, तेग म्हणजे तलवार. तेच शब्द पुढे महाराजा रणजितसिंगांच्या लाहोरच्या रुपयावर उमटले. नांदेडचे हुजूर साहिब १८३२ ते १८३७ या काळात याच रणजितसिंगांनी बांधवले. बंदाघाट तिथून जवळच आहे.