१९८३ची कॉर्वेट : ‘बनलीच नाही’ हे खरं नाही

शेव्हरोले या अमेरिकी कंपनीची कॉर्वेट ही स्पोर्ट्स कार १९५३मध्ये आली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, पत्र्याऐवजी फायबरग्लासच्या बॉडीच्या. तेव्हापासून एकच मॉडेल-वर्ष (कंपनी गाडी ज्या वर्षाचं मॉडेल म्हणून विकते ते वर्ष) गाळलं गेलं, ते म्हणजे १९८३. यावरूनच ‘त्या वर्षाची कॉर्वेट बनलीच नाही’ ही समजूत पसरली.

बनली होती. चौथ्या पिढीची नवी कॉर्वेट तयार होत असताना १९८३चं मॉडेल म्हणून क्रमांक दिलेल्या ४३ चाचणी गाड्या बांधल्या गेल्या. पण काम लांबत गेलं, आणि शेवटी कंपनीने ही गाडी १९८४चं मॉडेल म्हणूनच विकायचं ठरवलं. गंमत म्हणजे विक्री सुरू झाली ती १९८३च्याच वसंतात! म्हणजे हुकलं ते मॉडेल-वर्ष. कॅलेंडरचं वर्ष नव्हे. गोंधळाचं मूळ बहुधा इथेच असावं.

चाचणीच्या गाड्या ग्राहकांना विकल्या गेल्या नाहीत, नष्ट केल्या गेल्या. एक पांढरी मात्र वाचली. ती अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन शहराच्या कॉर्वेट संग्रहालयात आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये तिथली जमीन खचून आठ कॉर्वेट खड्ड्यात गेल्या. त्यांत ही नव्हती, नशीबवानच म्हणायची.